तीन लाखांच्या वर काय? एका निवृत्त दांपत्याच्या पूरक आरोग्यविम्याचे प्रकरण

ऑक्टोबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक गृहस्थ निळी फाइल घेऊन आले. पिंपरी-चिंचवडमधल्या एका खाजगी अभियांत्रिकी कारखान्यातून ते तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि गावाकडच्या घरी परतले. त्यांचे वय ७१, पत्नीचे ६६. त्यांना मधुमेह आहे आणि २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवलेला आहे. वहिनींना थायरॉइडची एक गोळी आणि गुडघेदुखी, एवढेच. कारखान्याने निवृत्तांसाठी समूह आरोग्यविमा चालू ठेवला होता. त्यात दोघांना मिळून तीन लाखांचे छत्र होते आणि हप्ता निवृत्ताने स्वतः भरायचा होता. १ डिसेंबरला होणाऱ्या नूतनीकरणाचे पत्र फाइलमध्ये सर्वांत वर होते आणि त्याच्या समासात त्यांनी पेन्सिलीने तीन प्रश्नचिन्हे काढली होती.

मी सर्वसाधारण विमा क्षेत्रात नोकरी करून निवृत्त झालो असल्यामुळे अशा फाइली माझ्याकडे येतात. या प्रकरणात मी सल्लागार होतो, विक्रेता नव्हे, हे आधीच नमूद करतो. त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता: “साहेब, वर दहा लाखांचे सुपर टॉप-अप घेतले की झाले ना?” सुपर टॉप-अप म्हणजे खर्च एका ठरलेल्या रकमेच्या वर गेला की वरचा भाग देणारी पूरक पॉलिसी.

पत्र आणि त्यामागचा हिशेब

पत्रात तीन बदल होते. मूळ हप्ता ३१,००० रुपयांवरून ४२,५०० वर गेला होता, म्हणजे ३७ टक्क्यांनी वाढला होता. प्रत्येक दाव्यात २० टक्के सहभरणा, म्हणजे को-पे, आला होता; तेवढा वाटा रुग्णाने स्वतः भरायचा. आणि रुग्णालयातील खोलीच्या भाड्यावर विमा रकमेच्या एक टक्क्याची, म्हणजे दिवसाला ३,००० रुपयांची मर्यादा घातली होती. गृहस्थांचे सगळे लक्ष हप्त्यावर होते. माझ्या मते तो या तिन्हींतला सर्वांत कमी महत्त्वाचा बदल होता, आणि हे त्यांना पटावे म्हणून आम्ही त्यांच्याच फाइलमधले जुने बिल काढून नव्या अटी त्याला लावून पाहिल्या.

बिल २०२४ मधल्या प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचे होते, एकूण २,१०,००० रुपयांचे. पाच दिवसांचे खोलीभाडे रोज ६,००० प्रमाणे ३०,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि शुश्रूषा मिळून १,२०,०००. औषधे, साहित्य आणि तपासण्या ६०,०००. त्या वेळी विमा कंपनीने हातमोजे वगैरे देय नसलेल्या वस्तूंचे ८,००० वगळून २,०२,००० दिले होते. नव्या अटींनुसार खोलीभाड्यापोटी १५,००० च मिळतील, कारण मर्यादा निम्मी आहे. इथवर कोणालाही समजते. जे समजत नाही ते पुढे आहे. खोली मर्यादेच्या दुप्पट दराची घेतली, म्हणून सर्जनपासून शुश्रूषेपर्यंतचे खर्चही त्याच प्रमाणात निम्मे धरले जातात, म्हणजे १,२०,००० चे ६०,००० होतात. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. औषधे, साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, असे भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले असल्याने ते ५२,००० शाबूत राहतात. बेरीज १,२७,०००. त्यातून २० टक्के सहभरणा वजा केला की हातात १,०१,६००. जिथे दोन लाख दोन हजार मिळाले होते, तिथे आता त्याच्या जेमतेम निम्मे मिळणार होते.

आणि या कमी पडलेल्या लाखभर रुपयांपैकी एक रुपयाही दहा लाखांच्या सुपर टॉप-अपमधून मिळणार नव्हता, कारण बिल मुळात तीन लाखांच्या खालचे होते. पूरक विमा घेताना बहुतेकांची गफलत इथेच होते. तळमजल्याची भिंत गळत असताना वर आणखी एक मजला चढवला म्हणून गळती थांबत नाही. गृहस्थ बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे खोली स्वस्त घ्यायची.” ते अगदी बरोबर बोलले होते, आणि त्यासाठी हप्ता लागत नाही.

बदललेले नियम, त्यांच्या बाजूचे आणि विरोधातले

गेल्या दोन वर्षांत नियम इतके बदलले आहेत की जुन्या माहितीवर निर्णय घेणे धोक्याचे झाले आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या विनियमांनी प्रवेशाच्या वयाची जुनी चौकट काढून टाकली. पूर्वी कंपन्यांनी निदान ६५ वर्षांपर्यंत प्रवेश द्यावा अशी अट होती आणि त्यामुळे पासष्टीनंतर अनेक दारे बंद होत. आता सर्व वयोगटांसाठी विमा उत्पादने आणायला वाव आहे. गृहस्थांनी हे वाचले होते आणि त्यातून “आता कोणालाही नाही म्हणता येत नाही” असा अर्थ काढला होता. तसे नाही. वयाची अट गेली, तरी प्रकृती पाहून प्रस्ताव नाकारण्याचा कंपनीचा अधिकार गेलेला नाही.

आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजारांचे दावे मिळत नाहीत ती सुरुवातीची मुदत, जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आला. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. ३० जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढ करण्यापूर्वी प्राधिकरणाशी विचारविनिमय करणे कंपन्यांना बंधनकारक केले. या परिपत्रकाची छापील प्रत गृहस्थांच्या फाइलमध्ये होती आणि ३७ टक्के वाढीविरुद्ध तक्रार करायची त्यांची तयारी होती. मात्र समूह पॉलिसीचा दर कारखाना आणि विमा कंपनी यांच्यात दरवर्षी नव्याने ठरतो, आणि निवृत्तांच्या गटात तरुण सभासद येत नसल्याने दाव्यांचे प्रमाण वाढतच जाते. त्या परिपत्रकाचा आधार त्यांना इथे घेता आला नाही.

कराच्या बाबतीत असाच दुजाभाव आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला, पण समूह विम्यावर तो कायम राहिला. त्यामुळे ४२,५०० वर ७,६५० रुपये कर धरून पत्रातली रक्कम ५०,१५० झाली होती. स्वतःच्या खिशातून हप्ता भरणाऱ्या निवृत्ताला, केवळ त्याची पॉलिसी कारखान्याच्या नावाने आहे म्हणून, हा कर का द्यावा लागावा, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

आणखी एक बदल त्यांनी विचारातच घेतला नव्हता. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते आणि आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा काळ नसतो. अट एवढीच की रुग्णालय योजनेशी संलग्न हवे आणि उपचार ठरलेल्या पॅकेजमध्ये बसायला हवा. गृहस्थ पात्र होते, वहिनी नव्हत्या. वहिनींसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना होती. पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही तिचा लाभ २०२४ पासून मिळू लागला आहे. “ते गरिबांसाठी असते हो,” असे गृहस्थ संकोचाने म्हणाले. तरी पुढच्याच आठवड्यात त्यांनी आधार कार्डावर नोंदणी करून घेतली.

समूह विमा सोडायचा का, हा प्रश्न अर्थातच निघाला. मी नको म्हणालो, आणि त्याचे कारण एकच होते: त्यात मधुमेह आणि हृदयविकार पहिल्या दिवसापासून धरलेले होते. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येते, पण तेही कंपनीने प्रकृती तपासून मान्य केले तर. हातातले सोडून त्याची वाट पाहणे मला योग्य वाटले नाही.

वजावट किती असावी

सुपर टॉप-अप आणि साधे टॉप-अप यांतला फरक त्यांना माहीत होता, तरी लिहून ठेवतो. दोन्हींत एक डिडक्टिबल, म्हणजे वजावट, असते आणि तेवढ्या रकमेपर्यंत कंपनी काही देत नाही. साध्या टॉप-अपमध्ये ती प्रत्येक वेळच्या बिलाला वेगळी लागते, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातल्या बिलांच्या बेरजेला. एका वर्षात अडीच लाख आणि दोन लाख ऐंशी हजार अशी दोन बिले झाली आणि वजावट तीन लाखांची असेल, तर टॉप-अप काहीही देणार नाही, कारण एकही बिल तीन लाखांच्या वर नाही. सुपर टॉप-अप दोन लाख तीस हजार देईल. उतारवयात एका आजारासाठी दोनदा-तीनदा दाखल व्हावे लागणे हेच सामान्य आहे, म्हणून साध्या टॉप-अपचा आम्ही विचारच केला नाही.

खरा प्रश्न वजावटीच्या आकड्याचा होता. बाजारातला रिवाज असा की खालची पॉलिसी जेवढ्याची, तेवढीच वजावट घ्यायची: तीन लाखांवर तीन लाख. एजंटही तसेच सांगतात, आणि ऐकायला ते जुळणीचे वाटते. पण ही खालची पॉलिसी गृहस्थांच्या हातात नव्हती. कारखान्याने पुढच्या वर्षी निवृत्तांची योजनाच बंद केली, तर वरची पॉलिसी तशीच राहील, कारण सुपर टॉप-अपला खाली पॉलिसी असण्याची गरज नसते. मात्र तळातले तीन लाख खिशातून भरावे लागतील. म्हणून वजावट खालच्या पॉलिसीशी न जुळवता स्वतःच्या ठेवीशी जुळवावी, असे माझे मत आहे. खालची पॉलिसी नाहीशी झाली, तर मोडता येईल अशी रक्कम किती आहे, हे आधी विचारायचे. त्यांच्याकडे आजारपणासाठी बाजूला ठेवलेली चार लाखांची मुदत ठेव होती. मुलीकडे मागायचे नाही, हे दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितले.

दोघांची मिळून एक पॉलिसी घ्यावी की वेगवेगळ्या, यावर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. एकत्र पॉलिसीत दोघांची बिले एकाच वजावटीत मोजली जातात, हा तिचा मोठा गुण आहे. वेगळ्या पॉलिसीत प्रत्येकाने आपापली वजावट स्वतंत्र ओलांडावी लागते. समजा समूह विम्याचे तीन लाख गृहस्थांवरच खर्च झाले आणि त्याच वर्षी वहिनींचा गुडघा बदलावा लागला, तर वहिनींचे पहिले तीन लाख ठेवीतून जातील. म्हणून एकत्र पॉलिसी मला बरी वाटत होती. दहा लाखांचे छत्र आणि तीन लाखांची वजावट असलेल्या अशा पॉलिसीसाठी २४,००० रुपये हप्ता सांगणाऱ्या कंपनीकडे आम्ही प्रस्ताव दिला. दहा दिवसांत नकार आला. कारण गृहस्थांचे हृदय होते, पण एकत्र प्रस्ताव असल्यामुळे वहिनींनाही नकार मिळाला.

दुसऱ्या कंपनीकडे मग वेगवेगळे प्रस्ताव गेले. वहिनींसाठी तीन लाखांच्या वजावटीवर दहा लाख, हप्ता ९,८००. गृहस्थांसाठी तीन लाखांच्या वजावटीवर १६,४०० आणि पाच लाखांच्या वजावटीवर ११,२००. त्यांच्यासाठी आम्ही पाच लाख घेतले. समूह विमा असेपर्यंत तीन लाख तिथून, वरचे दोन ठेवीतून. समूह विमा गेलाच तर वय वंदना कार्ड आहे. वहिनींना आणखी चार वर्षे ते कार्ड मिळणार नाही, म्हणून त्यांची वजावट कमी ठेवली. नवरा-बायकोची वजावट वेगवेगळी ठेवलेली पाहून एजंटला नवल वाटले.

पैसे भरण्यापूर्वी कंपनीला ईमेलने दोन प्रश्न विचारले आणि उत्तर लेखी मागितले. समूह विम्यात सहभरणा म्हणून स्वतः भरलेली रक्कम वजावटीत मोजणार का? उत्तर आले की मोजणार. बिल कोणी भरले याला महत्त्व नाही, आमच्या अटींनुसार मान्य होणारा खर्च धरला जाईल. वय वंदना कार्डावर झालेला उपचार मोजणार का? रुग्णाच्या नावाचे तपशीलवार बिल आणि भरण्याची कागदपत्रे असतील तेवढाच. पॅकेजच्या उपचारात असे बिल हातात पडेलच असे नाही, त्यामुळे कार्ड आणि सुपर टॉप-अप एकमेकांवर रचता येतील असे गृहीत धरू नये, हे त्यांना समजावून सांगितले. ही दोन उत्तरे आता निळ्या फाइलमध्ये आहेत.

एजंटने कलम ८०ड ची करसवलतही पुढे केली होती. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठांना विम्याच्या हप्त्यापोटी करपात्र उत्पन्नातून ५०,००० पर्यंत सूट मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. गृहस्थांचे वार्षिक उत्पन्न साडेपाच लाख आहे आणि नव्या प्रणालीत त्यांना करच लागत नाही. जो कर भरायचाच नाही, त्याची सवलत दाखवून त्यांना पॉलिसी विकली जात होती.

प्रस्ताव अर्जातील एक ओळ

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्ही पॉलिसी आल्या. गृहस्थांचा हप्ता ठरल्याप्रमाणे ११,२०० होता, जादा आकार नव्हता, वैद्यकीय तपासणीही झाली नव्हती. मला ते खटकले. पॉलिसीच्या मागे जोडलेली प्रस्ताव अर्जाची प्रत उघडली, तर चौथ्या पानावर ‘हृदयविकार किंवा हृदयावरील शस्त्रक्रिया’ या ओळीसमोर ‘नाही’ असे होते. अर्ज एजंटने मोबाइलवर भरला होता आणि गृहस्थांनी आलेला ओटीपी सांगितला होता. विचारल्यावर एजंटचे म्हणणे असे पडले की अँजिओप्लास्टी सहा वर्षांपूर्वीची आहे, नियम मागच्या ३६ महिन्यांचा आहे, त्यामुळे लिहायची गरज नाही.

नियमाचे हे वाचन अर्धवट आहे. मागच्या ३६ महिन्यांत निदान झाले नसले, तरी त्या काळात वैद्यकीय सल्ला किंवा उपचार घेतला असेल, तर तो आधीपासूनचाच आजार ठरतो. गृहस्थ रोज रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात आणि दर सहा महिन्यांनी हृदयरोगतज्ज्ञाकडे जातात. शिवाय अर्जात प्रश्न सरळ विचारलेला होता. त्यांना मात्र मोह झाला. “साठ महिने गेले की विचारत नाहीत ना?” असे त्यांनी विचारले. त्यावर वहिनी म्हणाल्या, “आणि तोवर काही झाले तर?” चर्चा तिथेच संपली.

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्या मुदतीत आम्ही लेखी दुरुस्ती पाठवली, सोबत २०१९ चे डिस्चार्ज कार्ड जोडले आणि मान्य नसेल तर पैसे परत करावेत असे लिहिले. कंपनीने तपासणी करवून २५ टक्के जादा आकार लावला आणि हृदयविकार व मधुमेह यांना ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ घातला. हप्ता १४,००० झाला. खरे लिहिण्याची किंमत वर्षाला २,८०० रुपये. तीन वर्षे सर्वांत संभाव्य आजारच धरले जाणार नसतील, तर पॉलिसी घ्यावीच कशाला, असे गृहस्थ म्हणाले, आणि हा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. माझे उत्तर असे होते की त्या तीन वर्षांत हृदयासाठी समूह विमा आणि वय वंदना कार्ड आहे, आणि आज सुरू न केल्यास ही तीन वर्षे कधीच सुरू होणार नाहीत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवीन प्रस्ताव कोण स्वीकारेल, हे सांगता येत नाही. त्यांनी दोन दिवस मागितले आणि तिसऱ्या दिवशी पैसे भरले.

समूह विम्याचे ५०,१५०, वहिनींचे ९,८०० आणि त्यांचे १४,००० मिळून वर्षाला ७३,९५० रुपये झाले. साडेपाच लाखांच्या उत्पन्नात हा आकडा हलका नाही. वर्षाअखेरची मुलीकडची विमानफेरी त्यांनी रेल्वेची केली.

जानेवारी

जानेवारी २०२६ मध्ये वहिनी अंगणात घसरल्या आणि उजवे मनगट मोडले. शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी बसवावी लागली. मिरजेच्या रुग्णालयात दाखल होताना गृहस्थांनी पहिला प्रश्न खोलीच्या दराचा विचारला आणि दोन खाटांची, २,८०० रुपयांची खोली घेतली. बिल ९६,००० झाले. देय नसलेल्या वस्तूंचे ४,००० गेले, प्रमाणशीर कपात झाली नाही, उरलेल्या ९२,००० वर २० टक्के सहभरणा लागून समूह विम्यातून ७३,६०० मिळाले आणि खिशातून २२,४०० गेले. डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असा आता नियम आहे. ती पावणेतीन तासांनी आली, तेवढा वेळ वहिनी हात गळ्यात बांधून बाकावर बसून होत्या.

सुपर टॉप-अपमधून काही मिळण्याचा प्रश्न नव्हता. पण पुढच्या आठवड्यात गृहस्थ संघात आले, तेव्हा बिल, डिस्चार्ज कार्ड आणि समूह विम्याचे मंजुरीपत्र यांच्या दोन-दोन प्रती त्यांनी फाइलला लावलेल्या होत्या आणि निळ्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने दोन रकाने आखले होते. एका रकान्यावर ‘माझे’, खाली पाच लाख, बाकी कोरे. दुसऱ्यावर ‘हिचे’, खाली तीन लाख, त्यातून ९२,००० वजा आणि त्याखाली दोनदा अधोरेखित केलेले २,०८,०००.